हाडांची साक्ष आणि खानदेशची ज्वारी

आमच्या अस्थि उद्यां कोणी प्रयोगशाळेंत नेऊन तपासल्या, तर हा गृहस्थ जन्मभर समुद्राचे मासे खाऊन जगला असा निर्णय होण्याचा पुष्कळ संभव आहे. वरणगांवापासून समुद्र तीनशें किलोमीटरांहूनही दूर, घरांत चातुर्मासांत कांदालसूणदेखील वर्ज्य, आणि तरीही हा आरोप! पुण्यास पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या पुतण्यानें गेल्या दिवाळींत फराळाच्या पाटावरच हें विधान केलें, तेव्हां आमच्या वृद्ध मातोश्रींनीं हातांतील चकली खालीं ठेविली. सुदैवानें आमच्या अस्थि अग्नींतून निघून गोदेंत जावयाच्या, आणि ज्या द्रव्यावर ही परीक्षा चालते तें द्रव्य अग्नींत टिकत नाहीं, असें त्यानेंच पुढें सांगितलें म्हणून फराळ पुरा झाला. परंतु त्या विधानांत थट्टा थोडी आणि शास्त्र फार होतें. तें उमगण्यासाठीं वाचकांस प्रथम आमच्याबरोबर उत्तर युरोपांत, डेन्मार्कच्या किनाऱ्यावर यावें लागेल. 

त्या किनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्यांचे प्रचंड ढीग आहेत. एर्टेबोले गांवचा ढीग सुमारें १४० मीटर लांब व जवळजवळ दोन मीटर जाड भरला. हे ढीग समुद्रानेंच लोटून टाकले असावेत असें पूर्वीं पुष्कळांस वाटे. १८४८ सालीं प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप, भूगर्भशास्त्रज्ञ फोर्चहामर आणि पुराणवस्तूंचे अभ्यासक वोर्सो ह्या तिघांचें एक मंडळ तपासासाठीं नेमलें गेलें. त्यांस ढिगांत राख, चुलींचे अवशेष, गारेचीं हत्यारें आणि जनावरांचीं फोडलेलीं हाडें आढळलीं. म्हणजे हा केर समुद्राचा नव्हे, माणसांच्या स्वयंपाकाचा. डॅनिश भाषेंत त्यांस स्वयंपाकघराचा उकिरडा ह्याच अर्थाचें नांव पडलें.

स्टीनस्ट्रुपची एक युक्ति आम्हांस फार आवडली. पक्ष्यांच्या हाडांपैकीं लांब हाडांचे मधले तुकडेच तेवढे ढिगांत मिळत. टोकें नाहींत, लहान हाडें नाहींत. ह्या पंडितानें कुत्रे कोंडून ठेविले, त्यांस पक्ष्यांचीं हाडें घातलीं, आणि मागें काय उरतें तें पाहिलें. उरले ते नेमके तसलेच तुकडे! त्यावरून त्या लोकांनीं कुत्रा पाळला होता असें ठरलें. तसेंच रानहंस त्या देशांत हिवाळ्यांतच येतो; त्याचीं हाडें सांपडलीं, त्या अर्थीं वस्ती हिवाळ्यांतही होती. शिकवणीस येणाऱ्या मुलांना तर्कसंग्रह सांगतांना धूर आणि अग्नि ह्यांपलीकडे आम्हीं कधीं दुसरें उदाहरण दिलें नाहीं. हा कुत्रा तेव्हां ठाऊक असता, तर मागच्या ओळींतलीं मुलें जागीं राहिलीं असतीं.

आतां हाडांविषयीं. हवेंतील कार्बनचे सर्व अणु सारख्या वजनाचे नसतात. शंभरांपैकीं सुमारें नव्व्याण्णव बाराच्या वजनाचे, आणि एक तेराच्या. वनस्पति हवा शोषतांना हा जड अणु टाळूं पाहते. गहू, तांदूळ, सातू, डाळी, फळझाडें हीं सर्व तो कटाक्षानें टाळतात. समुद्रांतील वनस्पतींत मात्र तो अधिक राहतो. जें खावें तें हाडांच्या कोलॅजन नामक प्रथिनांत उतरतें, आणि तें सहस्रावधि वर्षें टिकूं शकतें. मापनाची पट्टी अशी आहे कीं अंक बहुधा उणेच येतात. केवळ जमिनीवरच्या अशा अन्नावर वाढलेल्याचें हाड सुमारें उणे २१ दाखवितें, केवळ समुद्रावर जगलेल्याचें उणे १२. १९८१ सालीं हेन्रिक टाउबर ह्या डॅनिश शास्त्रज्ञानें आपल्या देशांतील प्राचीन मानवांचीं हाडें अशीं मोजलीं. शेतीपूर्वींच्या लोकांचे अंक समुद्राच्या बाजूस पडले, आणि इसवी सनापूर्वीं ४००० च्या सुमारास शेती येतांच ते एकदम जमिनीकडे वळले. शेती आली आणि त्या लोकांनीं समुद्राकडे पाठ फिरविली, असा ह्याचा अर्थ पुष्कळांनीं केला.

पण मग मडकीं बोललीं. मातीच्या भांड्यांत शिजलेल्या पदार्थाचा स्निग्धांश मुरून बसतो. तुपाची घागर किती घासली तरी तूप सोडीत नाहीं, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. २०११ सालीं ऑलिव्हर क्रेग व त्यांचे सहकारी ह्यांनीं बाल्टिक समुद्राच्या पश्चिम बाजूच्या अशा मडक्यांतील स्निग्धांश प्रसिद्ध केले. शेती आल्यानंतरच्याही भांड्यांत मासे शिजल्याच्या खुणा निघाल्या. हाडें म्हणतात समुद्र सुटला, मडकीं म्हणतात पुरता सुटला नाहीं. आमच्या मतें येथें मडक्यांची साक्ष अधिक वजनाची. हाड वर्षांनुवर्षांच्या प्रथिनांची गोळाबेरीज सांगतें. अधूनमधून शिजलेला मासा त्या बेरजेंत बुडून जातो.

ह्याच संबंधांत एक सावधगिरी आहे. रेडिओकार्बनवरून काळ काढतांना समुद्रजीवी प्राणी आपलें वय वाढवून सांगतो. सागरजलांत कार्बन दीर्घकाळ मुरलेला असतो, म्हणून जन्मतःच त्याच्या खात्यावर मागील बाकी पडते. ती सरासरीनें सुमारें ४०० वर्षांची. जो मनुष्य त्यावर पोसला, त्याच्याही हाडांत ती बाकी ओढली जाते. ती वजा न करितां केलेली कालगणना शतकांनीं चुकते.

आतां आमच्या खानदेशाकडे वळूं. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ह्यांची हवा पचविण्याची रीत गव्हातांदळांहून निराळी आहे. तीं जड कार्बन तितका टाळीत नाहींत. गव्हाचा दाणा सुमारें उणे २६ भरतो, तर ज्वारीचा उणे १२. सकाळसंध्याकाळ ज्वारीची भाकरी, तिजबरोबर वरण, अधूनमधून पोळी, असा आहार असलेल्याचें हाड कोठें पडेल? उणे १२ च्याच आसपास, ऐन डॅनिश कोळ्याच्या जागीं! नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर हा हेतु सव्यभिचारी आहे. साध्य नसतांही तो सांपडतो. डेन्मार्कच्या त्या काळच्या शेतांत असें धान्य नव्हतें, म्हणून तेथें अनुमान निर्दोष ठरलें. तेंच जसेंच्या तसें तापीकांठीं आणलें, तर ज्वारीवर जगलेलीं गांवेंच्या गांवें कोळीवाडे होतील.

ह्यावर उपाय नायट्रोजनचा. तोही हलका व जड असतो, आणि एकानें दुसऱ्यास खाल्लें कीं प्रत्येक पायरीस जड अंश तीनचार अंकांनीं चढतो. समुद्रांत लहान माशास मोठा, मोठ्यास त्याहून मोठा, अशा पायऱ्या पुष्कळ. म्हणून मासेखाऊचा नायट्रोजन फार वर जातो, भाकरीखाऊचा खालीं राहतो. दूधतूप खाणाराही थोडा वर चढतो, आणि शेणखताच्या शेतांतील धान्यही चढतें. तेव्हां हाही साक्षीदार उलटतपासणी केल्यावांचून घेऊं नये. ज्वारी मूळची आफ्रिकेची, हेंही विसरूं नये. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांवीं १९६८ पासून १९८२ पर्यंत उत्खनन झालें. तेथील ताम्रपाषाणयुगीन लोकांचें मुख्य धान्य सातू होतें. त्या युगानंतरच्या हाडांत जड कार्बन वाढलेला दिसला, तर समुद्र जवळ आला असें न समजतां ज्वारी आली असेल काय, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो.

म्हणजे खानदेशास समुद्र ठाऊकच नव्हता काय? वर्गांत आम्ही कित्येक वर्षें तसेंच सांगत आलों, आणि तें चुकीचें होतें हें येथें कबूल करतों. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें एस. ए. साळी ह्यांनीं १९७० च्या दशकांत उत्खनन केलें. तेथें शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणि व कोरीव तुकडा निघाला, आणि त्याच पुराश्मयुगीन अवशेषांत ऑलिव्हा नामक समुद्रांतील शंखाचा एक मणि निघाला. तेथील कवचाचें रेडिओकार्बन वय सुमारें २५,००० वर्षें आलें. कवच भूचर पक्ष्याचें, म्हणून येथें मागील बाकीची भीति नाहीं. आजही पाटण्यापासून समुद्र सरळ रेषेनें २०० किलोमीटरांहून दूर आहे. त्या हिमयुगांत तर पाणी सुमारें शंभर मीटर खालीं उतरून किनारा आणखी पश्चिमेस सरला होता. एवढी वाट त्या मण्यानें किती हातांतून काटली असेल! पुढच्या काळीं कच्छच्या आखातावर नागेश्वर येथें सिंधुसंस्कृतीच्या लोकांचा शंखकामाचा कारखानाच होता. आणि आमच्या तापीवरच्या प्रकाशें येथेंही, १९५४-५५ सालीं बी. के. थापर ह्यांनीं केलेल्या उत्खननांत, शंखाच्या वस्तु निघाल्या आहेत. मासा पोटांत गेल्यावांचूनही समुद्र घरांत येतो, हें प्रत्येक देवघरांतील शंख सांगतोच.

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशीं पुतण्या माडीवर जाऊन आमच्या जुन्या धाब्याकडे पाहत बसला. हें धाबें आमच्या आजोबांनीं पांढरीच्या मातीनें घातलेलें. जुन्या ओसाड वस्त्यांची ही पांढरी माती पाणी धरीत नाहीं, म्हणून खानदेशांत गाड्याच्या गाड्या खणून नेत. लहानपणीं पावसाळ्यापूर्वीं धाबें चोपतांना तींतून खापऱ्या आणि पांढऱ्या, वांकड्या कांकणांचे तुकडे निघत, आणि आम्ही भावंडें ते विहिरींत टाकून आवाज ऐकत असूं. एक तुकडा कोनाड्यांत राहून गेला होता. पुतण्यानें तो उन्हांत धरला, भिंगांतून पाहिला, आणि शंखाचाच आहे, करवतीची रेघही दिसते, असें सांगितलें. आमच्या मातोश्रींनीं तो हातांत घेऊन देवघरांतल्या शंखाशीं लावून पाहिला.

"तात्या, ही माती कोणत्या पांढरीची?" त्यानें विचारलें.

आम्हीं मातोश्रींकडे पाहिलें. त्यांस ठाऊक नव्हतें. गाडे हांकणारे केव्हांच वारले, आणि आजोबांच्या वहींत मजुरीचे आणे लिहिलेले सांपडले, जागेचें नांव नाहीं.