मिरजेचे संगीत: संस्थान, दर्गा आणि सतारमेकर

मिरज हे सांगली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही दिशांचे लोहमार्ग इथे एकत्र येतात. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या गावाने हिंदुस्थानी संगीताला गायक दिले, शिक्षक दिले आणि वाद्ये दिली. एवढ्याशा गावात संगीत इतका काळ टिकले, कारण ते कधीच एका आश्रयदात्याच्या भरवशावर राहिले नाही. एक आधार ढिला झाला की दुसरा पुढे येत गेला.

पहिला आधार पटवर्धन संस्थानिकांचा. एकोणिसाव्या शतकात दरबारी गायक-वादकांची वाद्ये बिघडली, तर ती दुरुस्त करणारा कारागीर जवळपास मिळत नसे. मिरजेत शिकलगारांची वस्ती होती. तलवारींना धार लावणे, शस्त्रे घासूनपुसून लखलखीत ठेवणे हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम ओसरले, तेव्हा १८५०च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि पुढे तो स्वतः वाद्ये घडवू लागला. संस्थानिकांनी त्याला उत्तेजन दिल्याचे मिरजेत आजही सांगितले जाते. त्याच्या वंशजांनी सतारमेकर हेच आडनाव लावले.

दरबाराच्या आश्रयाचे दुसरे मोठे फळ म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडच्या या मुलाची दृष्टी फटाक्याच्या स्फोटात अधू झाली. उपचारासाठी तो मिरजेला आला आणि संस्थानच्या मदतीने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हे बुवा कडक शिस्तीचे होते. १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावाचून, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि लोकांच्या देणग्यांवर संगीतशाळा चालू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याला स्वतः राजाश्रय लाभला, त्यानेच राजाश्रयापलीकडची वाट काढावी, ही गोष्ट मोलाची आहे. १९३१ मध्ये त्यांचे निधन मिरजेतच झाले. त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालयही मिरजेत आहे. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षांना देशभरातून विद्यार्थी बसतात. त्यांतल्या पुष्कळांनी मिरज कधी पाहिलेलीही नसते.

दुसरा आधार दर्ग्याचा. ख्वाजा शमना मीरासाहेब यांचा दर्गा हे मिरजेचे दैवतच. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस बोलतात. उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ या दर्ग्याशी कायमचे जोडले गेले, त्यामागे एक आख्यायिका आहे. प्लेगच्या साथीत खाँसाहेब मिरजेत आजारी पडले, दर्ग्यात गाऊन त्यांनी पिरापुढे सेवा रुजू केली आणि त्यांना आराम पडला. आख्यायिका खरी धरा किंवा सोडून द्या; उत्तर हिंदुस्थानातल्या कैराण्यात जन्मलेल्या या गायकाने पुढे मिरजेत घर केले आणि उरुसात गाणे हा नेम ठेवला, हे मात्र खरे. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे यांचा जन्म मिरजेचाच.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर खाँसाहेबांचा देह पडला. दफन मात्र मिरजेत, दर्ग्याच्या आवारात झाले. दुसऱ्या वर्षापासून उरुसाला जोडूनच त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा सुरू झाली. खाँसाहेब ज्या चिंचेखाली बसून गात, तिथेच गायक-वादक बसतात. या सभेला तिकीट नसते आणि कलावंतही बिदागीकडे पाहून येत नाहीत. ते ‘हजेरी’ लावतात. सवाई गंधर्व, हिराबाई, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा थोरांनी इथे हजेरी लावली आणि त्यांच्या शेजारीच नवखी मुलेही गायली. समोर मोकळ्या अंगणात हमाल, व्यापारी, वकील, सतारमेकर असे सगळे रात्र रात्र बसून ऐकत आले आहेत. नव्या गायकाला जाणकार श्रोता फुकट मिळणे आणि श्रोत्याला नामवंत गायक फुकट ऐकायला मिळणे, ही छोट्या गावातल्या संगीताला मिळालेली सर्वांत मोठी मदत होय. मिरजेतल्याच अंबाबाईच्या देवळातल्या नवरात्र संगीतसभांनीही हेच काम केले.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी मिरजेचे गाणे थांबले नाही ते या सभांमुळे. रेल्वेचाही हातभार मोठा. हुबळी-धारवाडचे गायक पुण्या-मुंबईला निघाले की मिरज वाटेतच. जाता-येता तंबोरा दुरुस्तीला टाकायचा, नवा पारखून घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता झाला.

तिसरा आधार सतारमेकरांचा, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले. तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो. तो वाळवून, कापून, भिजवून आतून साफ करतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. जोडकाम, नक्षी, चपड्याचे पॉलिश यांत आठवडे जातात. वाद्याचा जीव मात्र जव्हारीत असतो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा पृष्ठभाग कानसेने अगदी किंचित उतरता करायचा, तार लावायची, छेडून ऐकायची, पुन्हा उतरवून घासायची. तारेखाली सुती दोरा, म्हणजे जीवा, केसभर पुढेमागे सरकवला की बंद वाटणारा स्वर एकदम खुलतो आणि त्यातून वरचे स्वर झंकारू लागतात. यासाठी कुठलेही मोजमाप नाही, सगळी भिस्त कानावर. असा कान तयार व्हायला वर्षे लागतात. चांगली जव्हारी काढणारा कारागीर आणि चांगला गायक यांची योग्यता सारखीच मानायला हवी.

या धंद्यावर संकटे येत गेली. वन्यजीव कायद्याने हस्तिदंत आणि सांबरशिंग बंद झाले. ते योग्यच होते, पण पर्यायी साहित्य कारागिरांना स्वतःच शोधावे लागले. मग इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि नंतर तो मोबाइलमध्येही जाऊन बसला. घरी रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला खऱ्या तंबोऱ्याची गरज वाटेनाशी झाली. २०२०च्या टाळेबंदीत मैफली थांबल्या, तशा ऑर्डरीही थांबल्या. मेहनत फार आणि मिळकत बेभरवशाची, म्हणून घरातली मुले दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळली.

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. यामुळे दुसरीकडे बनलेले वाद्य मिरजेचे म्हणून खपवता येणार नाही. नावाला संरक्षण मिळाले, पण कारागिराच्या हाताला काम मिळेलच असे नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांनी, शाळांनी आणि संगीत मंडळांनी आपल्याकडच्या जुन्या तंबोऱ्यांची जव्हारी दरसाल मिरजेच्या कारागिराकडून काढून घ्यावी आणि नवा तंबोरा घ्यायचा झाला तर तो तिथूनच घ्यावा. हा खर्च त्यांना सहज पेलणारा आहे.