रिपोर्टमधला तो आकडा

मागच्या पावसाळ्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. तासाभरातच रक्त घेतलं होतं, त्या रिपोर्टात सी.आर.पी.पुढे ठळक छापलं होतं ८४. निरोगी माणसात हा आकडा बहुधा दहाच्या आत असतो.

मैत्रिणींनो, हा सी.आर.पी. तुमच्याही घरी कधीतरी येईल, म्हणून सांगते. आपल्या यकृतात तयार होणारं ते एक प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते प्रथम लक्षात आलं. शरीरात जंतुसंसर्ग झाला, मोठी जखम झाली की सहा-आठ तासांत ते चढू लागतं. घरात धूर दिसावा तसं. दूध करपलंय की पडदा पेटलाय, ते काही धूर सांगत नाही!

खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांत ऑपरेशनआधीच हा आकडा फार चढलेला असेल, तर पुढे जिवाचा धोका जास्त असल्याचं आढळलं आहे. आकडा मारत नाही हो, त्यामागचं दुखणं मारतं. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, "नुसत्या हाडानं इतक्या लवकर एवढा चढत नाही. आजी, आधी काही त्रास होता?" सासूबाई म्हणाल्या, नाही.

रात्री माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "अगं, आठ दिवस लघवीला आग होतेय. पुरुष डॉक्टरला काय सांगायचं?"

मी तशीच उठून नर्सला सांगितलं. लघवी तपासली, औषध सुरू झालं. हे ऑपरेशन फार लांबवणंही वाईट, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उरकलं.

त्यानंतर दोन दिवसांनी आकडा १६०! माझे तर हातपाय गार पडले. पण ऑपरेशनची चिरफाडही शरीराला जखमच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा सर्वांत वर जातो आणि मग उतरायला हवा. उतरला नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर मात्र टाका, छाती, लघवी सगळं पुन्हा तपासतात. तुम्ही उशाशी बसलेल्या असाल तर ताप, धाप, टाक्यातून पाणी, असंबद्ध बोलणं यांपैकी काही दिसताच रिपोर्टची वाट न पाहता सांगा.

पाचव्या दिवशी आकडा ७० वर आला. मी आनंदाने कागद दाखवायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे. इथे चहा केव्हा देतात गं?"