निगमचे अंदाजपत्रक : आकडे कुणाचे, मंजुरी कुणाची?

मार्च उजाडला की शाळेत परीक्षेची गडबड असते आणि नगर निगममध्ये अंदाजपत्रकाची. घरचे पाणी, गल्लीतला दिवा, शाळेसमोरचा रस्ता यांचा पैसा तिथेच ठरतो. तो कसा ठरतो, हे विद्यार्थ्यांना कुणी फारसे सांगत नाही, म्हणून हा लेख.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी बोलताना एक गल्लत नेहमी होते. तिकडे कारभार आयुक्तांचा आणि तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे. आपल्या मध्य प्रदेशात महापौर थेट जनता निवडते आणि ते पार्षदांमधून 'मेयर इन कौन्सिल' हे छोटेखानी मंत्रिमंडळ नेमतात. आयुक्तांनी मांडलेले आकडे आधी या मंडळापुढे जातात, मग 66 वॉर्डांच्या परिषदेपुढे. अंतिम मंजुरी परिषदेची, आणि तिचे अध्यक्ष महापौर नव्हेत, सभापती.

राजकारण इथेच सुरू होते. जुलै 2022 मध्ये काँग्रेसच्या शोभा सिकरवार निवडून आल्या. ग्वाल्हेरला 57 वर्षांनी काँग्रेसचा महापौर मिळाला. परिषदेत मात्र सर्वाधिक पार्षद भाजपचे, सभापतीही त्याच पक्षाचे. म्हणजे खर्चाचा बेत एकाचा, होकार दुसऱ्याचा. अशा वेळी ओढाताण होते ती कोणत्या वॉर्डातला रस्ता आधी आणि पार्षदांच्या शिफारशीने किती रक्कम खर्चायची, यावर.

त्याआधीचा काळ आठवा. आपल्याच समाजातले महापौर विवेक शेजवलकर 2019 मध्ये खासदार झाले. जानेवारी 2020 मध्ये परिषदेची मुदत संपली आणि सुमारे अडीच वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. भांडण नव्हते, पण आपल्या वॉर्डासाठी उभा राहणारा पार्षदही नव्हता. आम्हाला भांडणारी परिषद परवडली!

आता पैशाचे. चुंगी आपल्या राज्यात 1976 मध्ये बंद झाली. तिची भरपाई भोपाळहून येते. किती आणि केव्हा, हे निगमच्या हाती नाही. हाताशी उरतात मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. कर वाढवला तर मते जातात, म्हणून जमेची बाजू फुगवून लिहिण्याचा मोह कुठल्याही शहरात होतो. वसुली झाली नाही की मंजूर रस्ता कागदावरच राहतो.

त्यामुळे पालकांनी येत्या वर्षाच्या रकान्याआधी गतवर्षीची प्रत्यक्ष जमा आणि प्रत्यक्ष खर्च पाहावा. आपल्या वॉर्डासाठी किती मंजूर झाले आणि त्यातले किती खर्च झाले, हे पार्षदांना विचारता येते.