खोटं नाणं, पण कधीचं?

बंगळुरूच्या यशवंतपूरला १८९१ मध्ये १६३ रोमन नाणी सापडली. पुढे १९६५ मध्ये बंगळुरूच्याच एचएएल विमानतळाच्या परिसरात आणखी २५६ मिळाली. ही सगळी चांदीची दिनारियस. मिरी आणि तलम कापडाच्या मोबदल्यात रोमची चांदी दक्षिणेत येत होती, आणि चलन चाललं की त्याच्या नकलाही होतात. म्हणून आज असं नाणं हाती आलं, तर ते खरं की खोटं एवढ्यावर थांबू नये. खोटं असेल, तर ते कधी केलं, हे शोधावं.

रोमन जगातले ठग तांब्याच्या चकतीला चांदीचा पत्रा लपेटून ती तापवत. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते, तांबं १०८५ ला. पण दोन्ही धातू जिथे भिडतात, तिथे ७८० अंशांच्या सुमारासच पातळ थर वितळतो आणि पत्रा घट्ट बसतो. मग ठसा ठेवून हातोडा मारायचा. क्ष-किरणांचं यंत्र इथे सहज फसतं, कारण त्याला मिलिमीटरच्या काही शतांश खोलीपर्यंतचाच धातू कळतो. पाणी मात्र फसत नाही. ३.८ ग्रॅमचं चांदीचं नाणं ०.३६ घन सेंटीमीटर पाणी सारतं. तेवढ्याच वजनाचं, आत तांबं असलेलं नाणं ०.४२ च्या जवळ जातं. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू असला, तर ही पारख घरीही होते.

भारतात घडलेल्या नकला निराळ्या. त्यांच्यावरची लॅटिन अक्षरं म्हणजे नुसत्या रेघा असतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. रोमन सोन्याच्या नाण्यांच्या अशा काही नकलांत सोनं मात्र चांगलं निघतं. त्यांना खोटी नाणी म्हणायला माझं मन धजत नाही. काहींना भोक पाडलेलं दिसतं, ती गळ्यात घातली जात.

आजच्या बाजारातला माल बहुतेक ओतीव. त्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, काठावर साच्याची रेघ उरते. सगळ्यात पक्की खूण म्हणजे जुळी नाणी. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात, पण दोन्हींवर तोच ओरखडा आणि तीच झीज असेल, तर ती एकाच साच्यातली. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेली, रामदरबाराची किंवा हनुमानाची 'नाणी' चलनात कधी नव्हतीच. त्यांना लाखाचा भाव सांगणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

जुन्या काळातली नक्कल सहसा अस्सलापेक्षा स्वस्त मिळते. अभ्यासकाला ती तेवढीच मोलाची वाटते. वेगवेगळ्या गावांत सापडलेल्या दोन नकला एकाच ठशाच्या निघाल्या, तर एका कारखान्याचा माल किती दूर गेला, हे कळतं. त्यासाठी नाणं कुठे सापडलं, याची नोंद हवी. आणि तांब्यावरचा हिरवा थर चिंच-लिंबाने घासून काढू नये. आतलं तांबं कुठे उघडं पडलं आहे, ते त्या थरामुळेच दिसतं.