बर्फावरील छायाचित्राचा धनी कोण?

एखाद्याचें घड्याळ चोरीस गेलें तर तें त्याच्या मनगटावर राहत नाहीं. म्हणून चोरी झाली हें त्याला आणि जगालाहि तत्काळ कळतें. छायाचित्राची गोष्ट निराळी आहे. तें दुसऱ्यानें उचललें तरी मूळ धन्याजवळ जसेंच्या तसें राहतें, आणि म्हणूनच उचलणाऱ्याला आपण कांहीं उचललें असें वाटतहि नाहीं. आज इंटरनेटवर बोटाच्या एका स्पर्शासरशीं चित्र जगाच्या दुसऱ्या टोकाला पोंचतें. अशा वेळीं त्या चित्राचा धनी कोण, त्याखालीं नांव कोणाचें लिहावयाचें, आणि नांव लिहिलें म्हणजे आपली जबाबदारी संपली काय, हे प्रश्न केवळ वकिलांचे राहिलेले नाहींत. ते तुमचे-आमचे झाले आहेत. त्यांचा विचार मोघमपणें करण्यापेक्षां एखादें लहानसें क्षेत्र घेऊन केला तर तो अधिक स्पष्ट होईल. म्हणून आज बर्फावरील एका खेळाचीं छायाचित्रें मी उदाहरणादाखल घेणार आहें.

स्नोबोर्डिंग हा तो खेळ. यांत दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधलेले असतात आणि खेळाडू आडवा उभा राहून बर्फाच्या उतारावरून घसरत जातो. १९६५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत शर्मन पॉपेन या गृहस्थानें आपल्या मुलींच्या करमणुकीसाठीं दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणें तयार केलें. या खेळाच्या उगमांपैकीं तो एक प्रमुख उगम मानतात. १९९८ सालीं जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत त्याचा प्रथम समावेश झाला. आपल्याकडे गुलमर्गच्या उतारांवरहि तो खेळला जातो. या खेळांतील सर्वांत देखणा क्षण म्हणजे उडी. आणि ती उडी एक-दोन सेकंदांत आटोपते. डोळ्यांना ती पुरती दिसतहि नाहीं. ती टिकते ती छायाचित्रांतच. त्या चित्रामुळें खेळाडूला नांव मिळतें, फळी करणाऱ्या कंपनीला गिऱ्हाईक मिळतें, पर्वतावरील हॉटेलवाल्याला प्रवासी मिळतात. मग ज्यानें तें टिपलें त्याला काय मिळतें? आपल्या विषयाचें मर्म या प्रश्नांत आहे.

कित्येकांना वाटतें कीं, कळ दाबली कीं चित्र उमटलें. त्यांत कर्तृत्व तें कसलें? परंतु बर्फावरच्या छायाचित्रकाराचें काम जरा जवळून पाहावें. बर्फ इतका शुभ्र असतो कीं कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक फसतो. तो बर्फाला मध्यम करडा समजतो आणि चित्र काळवंडून टाकतो. म्हणून छायाचित्रकाराला प्रकाश जाणूनबुजून दुप्पट-चौपट वाढवावा लागतो. वेगानें जाणारी उडी गोठवावयाची तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत उघडून मिटला पाहिजे. सूर्य कोणत्या बाजूस असावा, खेळाडूच्या मागें आकाश दिसावें कीं देवदारांची रांग, हें आधीं ठरवून, अवजड सामान पाठीवर घेऊन आणि हिमलोटाचें भय मनांत ठेवून तो चढाव चढलेला असतो. कळ दाबणें हा या सर्व विचाराचा केवळ शेवट होय.

न्यायालयांनीं हें तत्त्व फार पूर्वीं मान्य केलें आहे. १८८२ सालीं प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड अमेरिकेंत गेले असतां न्यूयॉर्कचे छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी यांनीं त्यांचीं चित्रें काढलीं. एका शिळाछापाच्या कंपनीनें त्यांपैकीं एका चित्राच्या ८५,००० प्रती परवानगीवांचून छापल्या. खटला झाला तेव्हां कंपनीनें असा युक्तिवाद केला कीं, छायाचित्र ही यंत्राची करामत आहे. तिला कर्ता असूं शकत नाहीं. १८८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हा युक्तिवाद फेटाळला. वाइल्ड यांना कसें बसवावें, पोशाख व पडदे कसे असावेत, छायाप्रकाश कसा पडावा, हें ज्यानें योजिलें तोच या चित्राचा कर्ता, असा निर्णय झाला. जें दिवाणखान्यांतील चित्राला लागू, तेंच बर्फावरील चित्रालाहि लागू आहे.

आतां खेळाडू विचारील, “उडी माझी, जीव धोक्यांत घातला तो मीं, मग चित्र माझें कसें नाहीं?” प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु कायदा येथें दोन हक्क निराळे करतो. चित्राच्या प्रती काढण्याचा आणि तें प्रसिद्ध करण्याचा हक्क, म्हणजे ज्याला आपण व्यवहारांत कॉपीराइट म्हणतों तो स्वामित्वहक्क, सामान्यतः चित्र काढणाऱ्याचा असतो. स्वतःच्या चेहऱ्याचा व नांवाचा जाहिरातीसाठीं उपयोग होऊं द्यावयाचा कीं नाहीं, हें ठरविण्याचा हक्क अनेक ठिकाणीं खेळाडूचा असतो. म्हणून जाहिरात करणारी कंपनी छायाचित्रकाराची अनुमति घेते आणि खेळाडूचीहि लेखी संमति घेते. एकाच्या होकारानें दुसऱ्याचा होकार मिळाला असें होत नाहीं. कॅमेरा कोणाचा, यालाहि फारसें महत्त्व नाहीं. आपला कॅमेरा मित्राच्या हातीं देऊन त्यानें स्वतःच्या कल्पनेनें चित्र काढलें, तर कर्ता तो मित्र.

या बाबतींत आपल्या देशांतील कायद्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९१४ च्या जुन्या कायद्यांत काच किंवा फिल्म, म्हणजे मूळ निगेटिव्ह, ज्याच्या मालकीची तोच चित्राचा कर्ता समजला जाई. १९५७ च्या कायद्यानें ही कल्पना सोडली आणि जो चित्र काढतो तोच कर्ता, असें ठरविलें. आज निगेटिव्हच उरलेली नाहीं. तेव्हां हा बदल किती दूरदर्शीपणाचा ठरला हें सांगावयास नको. परंतु याच कायद्यांत एक महत्त्वाचा अपवाद आहे. पुण्या-मुंबईचें एखादें कुटुंब गुलमर्गला जातें, भाड्याचे कोट व बूट चढवितें, आणि तेथील एखाद्या तरुण छायाचित्रकाराला पैसे देऊन बर्फांतील आपलीं चित्रें काढवून घेतें. मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून काढविलेल्या अशा चित्रांचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, चित्र काढविणारा असतो. नोकरींत असतांना काढलेल्या चित्राचा मालकहि, उलट करार नसेल तर, बहुधा नोकरी देणारा असतो. अमेरिकेंत मात्र केवळ पैसे दिल्यानें मालकी बदलत नाहीं. स्वतंत्र छायाचित्रकारानें लेखी हस्तांतर केल्यावांचून सामान्यतः ती त्याच्याकडेच राहते.

म्हणजे गुलमर्गच्या त्या तरुणाकडे कांहींच उरलें नाहीं काय? तसें नाहीं. आपल्या कायद्याच्या ५७ व्या कलमानें कर्त्याला एक निराळा हक्क दिला आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ‘ही कृति माझी आहे’ असें म्हणण्याचा त्याचा हक्क जात नाहीं. आणि आपल्या कीर्तीला बाध येईल अशा रीतीनें चित्राची मोडतोड झाली तर तो दाद मागूं शकतो. मालकी विकतां येते. कर्तृत्व विकतां येत नाहीं. सारांश, पर्यटकानें तीं चित्रें खुशाल प्रसिद्ध करावींत; परंतु खालीं त्या तरुणाचें नांव लिहिणें हें औदार्य नसून त्याचें देणें आहे. त्या एका ओळीवरून पुढचें गिऱ्हाईक त्याच्याकडे येतें. बर्फाचा हंगाम थोड्या महिन्यांचा. त्यांतच त्याला वर्षाची बेगमी करावयाची असते.

येथें एका मोठ्या गैरसमजाकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, चित्राखालीं छायाचित्रकाराचें नांव दिलें कीं परवानगीची गरज नाहीं. नांव देणें हें ऋण मान्य करणें आहे. परवानगी हें दार उघडणें आहे. उंबऱ्याबाहेर उभें राहून घरधन्याचा जयजयकार केला म्हणून आंत शिरण्याचा अधिकार येत नाहीं. जर्मनींतील एका विद्यार्थिनीनें शाळेच्या निबंधासाठीं कोर्दोबा शहराचें एक चित्र प्रवासविषयक संकेतस्थळावरून घेतलें. तें कोठून घेतलें हेंहि तिनें प्रामाणिकपणें लिहिलें. शाळेनें तो निबंध आपल्या संकेतस्थळावर ठेवला. छायाचित्रकार डर्क रेंकहॉफ यांनीं मात्र परवानगी दिली होती ती फक्त त्या प्रवासविषयक संकेतस्थळाला. २०१८ सालीं युरोपीय न्यायालयानें निर्णय दिला कीं, चित्र एका ठिकाणीं सर्वांना पाहावयास खुलें असलें तरी तें दुसऱ्या संकेतस्थळावर नव्यानें चढविण्यास कर्त्याची नवी परवानगी पाहिजे. समीक्षा, चालू घडामोडींचें वृत्त, खासगी अभ्यास यांसाठीं कायद्यांत कांहीं सवलती आहेत खऱ्या. परंतु ‘चित्र आवडलें’ ही सवलत कोठेंच नाहीं.

दुसरा गैरसमज असा कीं, इंटरनेटवर जें स्वतः टाकलें तें सर्वांचें झालें. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भयंकर भूकंप झाला. तेथील छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनीं उद्ध्वस्त राजधानींतील चित्रें ट्विटरमार्फत जगापुढें ठेवलीं. दुसऱ्या एका इसमानें तीं स्वतःचीं म्हणून पुन्हां प्रसिद्ध केलीं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा प्रकार. एजन्स फ्रान्स प्रेस या वृत्तसंस्थेनें तीं त्या इसमाच्या नांवानें घेतलीं आणि गेटी इमेजेसमार्फत तीं जगभर वांटलीं गेलीं. ट्विटरच्या अटींमुळें आपणांस मुभा मिळते, असें वृत्तसंस्थेचें म्हणणें होतें. २०१३ सालीं न्यायालयानें तें अमान्य केलें, आणि त्याच वर्षीं पंचांनीं मोरेल यांना सुमारें १२ लाख डॉलर भरपाई देवविली. आपण एखाद्या व्यासपीठावर चित्र ठेवतों तेव्हां त्याच्या चालकांना तें दाखविण्याचा परवाना देतों. मालकी देत नाहीं, आणि वाटसरूंना तर कांहींच देत नाहीं. तथापि तो परवानाहि बराच विस्तृत असतो. २०१२ च्या डिसेंबरांत इन्स्टाग्रामनें योजिलेल्या नव्या अटींवरून, आपलीं चित्रें जाहिरातींसाठीं विकलीं जातील अशी शंका लोकांना आली आणि एवढा गदारोळ उठला कीं ती भाषा मागें घ्यावी लागली. म्हणून अटी वाचण्याचा कंटाळा करूं नये.

मग एकानें काढलें तसें चित्र दुसऱ्यानें काढूंच नये कीं काय? काढावें. उडी, हवेंत फळी धरण्याची तऱ्हा, पर्वत, सूर्योदय, हीं कोणाचींच नव्हेत. को रेंटमीस्टर यांनीं १९८४ सालीं बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांचें झेप घेतांनाचें चित्र काढलें होतें. नायकी कंपनीनें पुढें तशाच झेंपेचें आपलें निराळें चित्र काढविलें. रेंटमीस्टर यांनीं दावा लावला. परंतु २०१८ सालीं अपील न्यायालयानें तो मान्य केला नाहीं. कल्पना सर्वांना मोकळी आहे. तिची विशिष्ट मांडणी मात्र कर्त्याची आहे.

अन्याय झाल्यास उपाय आहेत. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणें नोटीस दिल्यावर व्यासपीठाच्या चालकांना तक्रारीचें चित्र काढून टाकावें लागतें. न काढल्यास त्यांचें कायदेशीर संरक्षण जाऊं शकतें. चोरी लपविण्यासाठीं चित्रावरील नांव हेतुपुरस्सर पुसणाऱ्यास प्रत्येक उल्लंघनामागें २,५०० ते २५,००० डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागूं शकते. २०२२ पासून तेथें लहान दाव्यांसाठीं स्वतंत्र मंडळहि सुरू झालें आहे. तथापि दावा हा शेवटचा उपाय होय. आधींची काळजी अधिक मोलाची.

ती काळजी कोणती? छायाचित्रकारानें चित्राच्या फाइलीमध्यें आपलें नांव व हक्काची सूचना भरून ठेवावी; मात्र पुष्कळ व्यासपीठें ही माहिती गाळून टाकतात, म्हणून मूळ प्रती जपून ठेवाव्यात. काम घेतांना, तें कितीहि लहान असो, चित्रें कोठें, किती दिवस आणि कशासाठीं वापरावयाचीं हें दोन ओळींत लिहून घ्यावें. चित्र पुढें पाठविणाऱ्यानें प्रथम मूळ कर्त्याचा शोध करावा. ज्याच्याकडून तें आपल्याकडे आलें तोच कर्ता असें गृहीत धरूं नये. मग परवानगी विचारावी आणि ती मिळाल्यावर नांव चित्राजवळच, वाचतां येईल असें लिहावें. कोपऱ्यांतील नांव कापूं नये. कर्ता सांपडलाच नाहीं, तर चित्र उतरवून नव्यानें चढविण्याऐवजीं तें जेथें आहे तेथला पत्ता द्यावा. पाहणाऱ्यांना चित्र पाहावयास मिळतें आणि चित्राचा मान चित्राच्या घरींच राहतो.

परवानगी मागण्यास एक ओळ पुरते, आणि नांव लिहिण्यास दोन शब्द. एवढ्या अल्प श्रमानें दुसऱ्याच्या कष्टाची बूज राखतां येत असेल, तर ती न राखण्यास आपणांजवळ कोणतें कारण उरतें?