राखीव फळीचा पराक्रम

कोणत्याही संस्थेत प्रकाशझोत लाभतो तो पहिल्या फळीला. दुसऱ्या फळीचे काम पडद्याआड, निमूटपणे चाललेले असते. परंतु क्वचित असा प्रसंग येतो की, हीच दुर्लक्षित फळी साऱ्यांचे लक्ष वेधून घेते. जर्मनीच्या राष्ट्रीय फुटबॉल करंडक स्पर्धेचा १९९२-९३ चा हंगाम हा असाच एक संस्मरणीय प्रसंग होय.

१९३५ साली सुरू झालेली ही स्पर्धा बाद पद्धतीने खेळली जाते. एक पराभव म्हणजे स्पर्धेची अखेर. मातब्बर व्यावसायिक संघांबरोबरच प्रादेशिक करंडक जिंकणाऱ्या छोट्या संघांनाही येथे प्रवेश असतो. बर्लिनचा प्रादेशिक करंडक जिंकून हेर्टा बीएससी या क्लबचा हौशी, म्हणजेच दुसरा संघ या हंगामात दाखल झाला. क्लबचा मुख्य संघ तेव्हा द्वितीय श्रेणीत होता; हे तरुण मात्र तिसऱ्या श्रेणीत खेळत. प्रशिक्षक होते योखेम त्सीगर्ट.

या मुलांकडून फारशी अपेक्षा कोणी केली नव्हती. त्यांनी लाइपझिगला ४-२ असे नमविले. तोच लाइपझिग संघ त्या हंगामाअखेर प्रथम श्रेणीत पोहोचला. पुढे गतविजेत्या हानोव्हरला ४-३ असा धक्का बसला. उपान्त्यपूर्व फेरीत प्रथम श्रेणीतील न्युर्नबर्ग आणि उपान्त्य फेरीत केमनिट्झ, दोघेही २-१ अशा फरकाने पराभूत झाले. क्लबचा मुख्य संघ स्पर्धेतून बाद झालेला असताना त्याचा राखीव संघ अंतिम फेरीत उभा होता!

१२ जून १९९३. बर्लिनचे ऑलिम्पिक स्टेडियम पंचाहत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांनी फुलून गेले होते. समोर होता प्रथम श्रेणीतील बलाढ्य बायर लेवरकुसेन. गोलरक्षक क्रिस्टियान फीडलर अवघा अठरा वर्षांचा, तर कार्स्टन रामेलो एकोणीस वर्षांचा. तरीही तासाहून अधिक काळ या तरुणांनी प्रतिस्पर्ध्याला गोलपासून रोखून धरले. अखेर ७७व्या मिनिटास उल्फ किर्स्टेनने कोंडी फोडली आणि लेवरकुसेनने १-० असा विजय मिळवून प्रथमच हा करंडक पटकावला. दुसऱ्यांदा तो उंचावण्यासाठी त्यांना २०२४ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

पराभूत संघाची कहाणी तेथे संपली नाही. रामेलो पुढे त्याच लेवरकुसेनकडून खेळला आणि २००२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या संघात होता. फीडलरने २००९ पर्यंत हेर्टाचीच साथ केली. २००८-०९ च्या हंगामापासून क्लबांच्या दुसऱ्या संघांना या स्पर्धेत प्रवेश बंद झाला. त्यामुळे अंतिम फेरी गाठणारा पहिला आणि एकमेव राखीव संघ हा त्यांचा मान आजही अबाधित आहे.

बँकेच्या व्यवहारात राखीव निधीचे महत्त्व आपण जाणतोच. तो रोज डोळ्यांत भरत नाही. पण संस्थेचे खरे बळ त्यातच साठलेले असते. माणसांच्या बाबतीतही हेच खरे. कनिष्ठ सहकाऱ्यावर विश्वासाने जबाबदारी सोपविली, तर तो कोठवर मजल मारील हे आधी सांगता येत नाही. बर्लिनच्या त्या मुलांना करंडक मिळाला नाही. परंतु संधी मिळताच त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली.