वृद्धाश्रमातील आप्तांची भेट कशी घ्यावी?

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ११.२ टक्के होते. केरळच्या खालोखाल हा आकडा गोव्याचा आहे. मुले आखातात, पोर्तुगालमध्ये, ब्रिटनमध्ये वा मुंबई-पुण्यात आणि मागे मोठ्या घरात एकटे आई-वडील, हे चित्र राज्याला नवे नाही. पोर्तुगीज काळापासून कार्यरत असलेली प्रोव्हेदोरिया आणि धर्मादाय संस्था यांची वृद्धाश्रम चालविण्याची परंपराही येथे आहे. त्यामुळे आप्ताला वृद्धाश्रमात ठेवावे की नाही, यावर पुष्कळ बोलले जाते. परंतु ठेवल्यानंतर त्याला भेटावे कसे, याचा विचार क्वचितच होतो.

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. जेथे वृद्ध कायमचे राहतात तो वृद्धाश्रम, आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा जेथे होते ते शुश्रूषा केंद्र. कोणत्या ठिकाणी परिचारिका रात्रीही असते, डॉक्टर किती दिवसांनी येतात, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. भेटीत काय पाहायचे, हे त्यावर ठरते.

आरंभी दर आठवड्याला होणारी भेट पुढे सणासुदीपुरती उरते. यामागे नेहमीच उदासीनता असते असे नाही. आपण आईला घरी ठेवू शकलो नाही, ही टोचणी भेटीनंतर तीव्र होते आणि ती टाळण्यासाठी भेटच टाळली जाते. त्यातच काय बोलावे हे सुचत नाही. यावर उपाय साधा आहे: भेट छोटी ठेवावी, पण तिचा वार व वेळ ठरलेली असावी. महिन्यातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा दर आठवड्याचा अर्धा तास वृद्धांना अधिक आधार देतो, कारण त्यांना वाट पाहण्यासाठी निश्चित दिवस मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठ वर्षांवरील चारपैकी एकाहून अधिक व्यक्तींना अडचणीची ठरेल इतकी श्रवणहानी असते. म्हणून दूरचित्रवाणी बंद करावी, समोर, प्रकाशात बसावे आणि ओरडण्याऐवजी सावकाश बोलावे. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची अस्वस्थता दुपार उतरू लागली की वाढते; त्यांच्यासाठी सकाळची वेळ बरी. ‘मला ओळखलंस का?’ असा प्रश्न त्यांना परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी ‘आई, मी सुधा आले’ असे स्वतःच सांगावे. ती दिवंगत पतीची चौकशी करू लागली, तर मृत्यूची बातमी पुनःपुन्हा देऊ नये. त्यांच्याविषयीची एखादी आठवण काढावी. जुने छायाचित्र, ओळखीचा अभंग, तांदूळ निवडण्यासारखे हाताला सवयीचे काम, यांतून जे साधते ते प्रश्नोत्तरांतून साधत नाही.

भेटीचे दुसरे कार्य देखरेखीचे आहे. कपडे सैल झाले आहेत का? ओठ कोरडे आहेत का? चष्मा, दातांची कवळी, श्रवणयंत्र जागेवर आहे का? अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या टाचा, माकडहाड व नितंबांवरची लाली ही शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत गोंधळलेली वा ग्लानीत दिसली, तर तो वयाचा परिणाम समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना तातडीने कळवावे. जेथे घरचे माणूस नियमित येते, तेथे अशा गोष्टी लवकर उघड होतात. कर्मचाऱ्यांशी मात्र संवाद सौजन्याचा असावा. चोवीस तास सोबत तेच असतात. मधुमेही व्यक्तीसाठी खाऊ नेताना त्यांना विचारूनच न्यावा.

अंतराची अडचण सर्वत्र सारखी आहे. पवारांच्या धार व देवास संस्थानांमुळे माळव्यात रुजलेल्या मराठी घरांतली मुलेही दूर गेली. नर्मदाकाठच्या धरमपुरीतील आई आणि पुण्यातील मुलगा, किंवा म्हापशातील वडील आणि लिस्बनमधील मुलगी, यांच्यासमोरचा प्रश्न एकच. येथे ठरलेल्या वेळेचा व्हिडिओ कॉल उपयोगी पडतो. परंतु टाचेवरची लाली त्यात दिसत नाही. म्हणून जवळ राहणाऱ्या भाच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे प्रत्यक्ष भेटीची जबाबदारी स्पष्टपणे सोपवावी आणि त्यांचे नाव संस्थेत नोंदवावे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे ज्येष्ठ उपविभागीय न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर या कायद्यानंतर बक्षीसपत्राने दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, परत मिळविता येते. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे, त्याने ज्येष्ठाला पूर्णपणे टाकून देणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मदतीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

कायदा निर्वाहाची रक्कम ठरवू शकतो. भेटीची सक्ती तो करीत नाही. ती कुटुंबानेच ठरवायची असते. निरोप घेताना ‘येते हं कधीतरी’ म्हणण्याऐवजी ‘गुरुवारी दहाला येते’ असे सांगावे, आणि गुरुवारी दहाला जावे.